वसंतअण्णांचा समास

फोनवर आधी नुसता रस्त्याचा आवाज आला. रिक्षा, हॉर्न, कुणीतरी ओरडून भाव सांगत होतं. "कोण बोलतंय?" मी दोनदा विचारलं. मग एक आवाज म्हणाला, "बाइंडर, अक्का." आणि पुढं कानडीत, "अण्णा होगिबिट्रु..." अण्णा गेले. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्याच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाजवळच्या बूथवरून राजण्णा बोलत होता. आठनऊ वर्षं मी या माणसाला ओळखते, तरी त्यानं नाव न सांगता धंदा सांगितला. तेव्हा मला ते खटकलंही नाही. आज सहा आठवडे झाले, तेच सारखं खटकतंय.

वसंतअण्णा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत कानडी मुरलेली. मी लग्न होऊन पुण्याहून आले, इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळू लागले आणि येईल त्याचं मराठी सुधारू लागले. अण्णांचंही सुधारायला गेले, तर म्हणाले, "स्वल्प थांबा, अक्का. माझं मराठी तुमच्याआधी तीनशे वर्षं इथं येऊन बसलंय." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणायचा, कारण मी सगळ्यांना दटावायचे. माझा स्वभावच तसा. वाकडी चप्पलसुद्धा मला सरळ करून ठेवावी लागते.

दर रविवारी सकाळी वाचनालयात ते आम्हा दहाबारा जणांना काहीतरी वाचून दाखवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या एका मित्रानं त्यांना काही लेखांच्या झेरॉक्स पाठवल्या. क्वीअर थिअरी नावाचं काहीतरी नवीन. "क्वीअर म्हणजे विचित्र. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला, बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला द्यायची ती शिवी होती," अण्णांनी सांगितलं, "ज्यांना घातली, त्यांनीच ती उचलली, धुतली आणि नाव म्हणून लावली." सभासद एकमेकांकडे बघू लागले. अण्णांनी मग झेरॉक्स बाजूला ठेवल्या आणि सिनेमाचं काढलं. दोन जिवलग मित्र असतात. एकमेकांसाठी गाणी म्हणतात, रडतात, मार खातात. आणि शेवटच्या रिळात त्यातला एक मरतो. का मरतो? अण्णाच म्हणाले, "कारण दुसऱ्याचं लग्न लागायचं असतं. तो जिवंत राहिला, तर त्या घरात त्याला बसवायचं कुठं, हे गोष्टीला ठाऊक नसतं." एक ज्येष्ठ सभासद चिडून म्हणाले, "अण्णा, मैत्रीला मैत्री राहू द्या की!" अण्णा हसले. "राहू द्या ना. मी कुठं तिला हाकलतोय? तुम्हीच तिला गोळी घालताय."

कुठल्याही गोष्टीवर शिक्का मारायला मात्र ते तयार नसत. ही दोघं अशी होती का, तशी होती का, असं कुणी विचारलं की म्हणत, "मी पोलीस नाही." त्यांचं म्हणणं साधं होतं. गोष्ट कुणाकडे बघायचं टाळते, तिकडे बघा. कोण कुणासाठी थांबतं, कोण कुणाच्या चहात साखर न विचारता घालतं, तिकडे बघा. ओव्यांवर ते तासन्‌तास बोलत. अभ्यासक ओवीतला भाऊ मोजतात, नवरा मोजतात, माहेर मोजतात, आणि जात्याच्या पलीकडे बसलेल्या सखीकडे कुणाचं लक्ष जात नाही... हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

मी ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि त्यांच्या घरी गेले की मला काहीच दिसायचं नाही. वरच्या खोलीत 'भाडेकरू' राजण्णा. अण्णांच्या चष्म्याचं घर कुठं आहे हे राजण्णाला माहीत असायचं. माझ्यापुढे तोच कॉफी ठेवायचा आणि अण्णांचा पेला फुंकर घालून द्यायचा. मी म्हणायचे, काय गुणी भाडेकरू मिळालाय!

अण्णांना पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं लिहायची खोड होती, तेही पुस्तक आडवं धरून, अगदी कडेकडेनं. त्यांची पुस्तकं राजण्णा बांधायचा. बाकी गिऱ्हाइकांचं काम रेघेत, पण अण्णांच्या पुस्तकांच्या कडा वेड्यावाकड्या, पानं खालीवर. मी चिडवायचे, "घरचाच बाइंडर, आणि त्याला सरळ कापता येत नाही!" अण्णा हसून पुस्तक जवळ ओढायचे. राजण्णाला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. तरी ज्या पानावर अण्णांची पेन्सिल आहे, त्या पानाला तो सुरी लावायचा नाही, हे मला समजायला किती उशीर झाला!

पाचेक वर्षांपूर्वी अण्णांनी ओव्यांचा त्यांचा जुना संग्रह मला वाचायला दिला. तो पार खिळखिळा झाला होता. मला वाटलं, नीटनेटका करून परत द्यावा. वाचनालयाची पुस्तकं मी मशीनवाल्या नव्या बाइंडरकडे द्यायचे, त्यातच तोही दिला. आठवड्यानं आला तो कसा देखणा! तिन्ही बाजू गुळगुळीत. मी कौतुकानं तो अण्णांच्या हातात ठेवला. त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं. समास गेला होता. कुठे अर्धी अक्षरं राहिली होती, कुठे तीही नाहीत. वीस वर्षांचं लिहिणं मी कापून आणलं होतं. "सरी, बिडी," ते म्हणाले. असू द्या. त्यांनी मला दटावलं नाही, आणि म्हणूनच मी घरी जाऊन खूप रडले.

दुसऱ्या दिवशी राजण्णा वाचनालयात आला. रागावला नाही. एवढंच विचारलं, "कापलेल्या पट्ट्या कुठं?" मी त्या बाइंडरचा पत्ता दिला. नंतर ऐकलं, की तो तिथं दोन दिवस रद्दीचं पोतं उपसत बसला होता. मला वाटलं, माणूस वेडा आहे.

अण्णा गेले तेव्हा हुबळीहून त्यांचे धाकटे भाऊ आले. सगळं रीतसर झालं. राजण्णा फाटकापाशी चपलांच्या शेजारी उभा होता. कुणी त्याला आत ये म्हटलं नाही. मीही नाही. हे लिहिताना लाज वाटते. तेराव्याला भाऊ म्हणाले, "पुस्तकं वाचनालयाला नेऊन टाका." आमच्याकडे नियम असा, की देणगीतल्या पुस्तकांतलं लिहिलेलं खोडून, कडा कापून, नव्यानं बांधून शिक्का मारायचा. अण्णांचं कपाट उघडलं आणि वरच तो ओव्यांचा संग्रह होता. मी तो उघडला.

प्रत्येक पट्टी परत चिकटवलेली होती. अर्ध्या अक्षराला अर्धं अक्षर लावून, खळीनं, पातळ कागदाचा आधार देऊन. वाचता न येणाऱ्या माणसानं.

एकही पुस्तक मी मंडळात नेलं नाही. हातगाडी केली आणि सगळी राजण्णाच्या दुकानात उतरवली. भावांना तसं कळवलं. मग दर रविवारी सकाळी मी त्याच्याकडे जाऊ लागले. तो स्टूल पुसून देतो आणि पुस्तक पुढे करतो. "ओदी, अक्का." वाचा. मी समासातलं मराठी वाचते आणि मोडक्या कानडीत सांगते. इतकी वर्षं ज्यावर सुरी चालू दिली नाही, तिथं काय लिहिलंय हे त्याला आता कळतंय. हे सगळं लिहून छापू का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बरीरि, लिहा. माझं नाव पण लिहा." लिहा म्हणाला म्हणून लिहिलं. त्या दोघांच्या नात्याला मी नाव देत नाही. ते माझं काम नव्हे. मी फक्त बघायला उशिरा शिकले.

गेल्या रविवारी ओव्यांच्या संग्रहातली एक पट्टी अडली. तिला जोडायला पानावर अर्धं अक्षरच उरलं नव्हतं, आणि राजण्णानं ती उलटी चिकटवली होती. मी पुस्तक नेहमीच्या उलट बाजूला फिरवून वाचलं: "दोघींपैकी एकच गाते. दुसरी खुंटा धरून आहे. ओवी दोघींची."

त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं. मग एकदम विचारलं, "आज पुस्तक उलटं का फिरवलं?" मी सांगितलं. त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. "पाच वर्षं... अण्णा रोज उघडायचे हे. पट्टी उलटी लागलीय, असं कधी सांगितलं नाही." तो आधी हसला, आणि हसता हसता त्यानं तोंडावर टॉवेल धरला. मग खळीची वाटी ओढून म्हणाला, "सरळ करू?"

वाकडी चप्पलही सरळ करणारी मी. म्हटलं, "नको. अण्णा हे पान उलटं फिरवून वाचायचे. मीही फिरवीन."