रजेत न बसलेलं लग्न

एप्रिल १९५८, रविवार सकाळ, देवबाग. हजर: बाबा, काका, दाराआड आई, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलेली नवरी, म्हणजे मी. गैरहजर: दादा. मुंबईच्या गिरणीतून त्याचं फक्त पत्र आलं होतं. रजा ११ ते २० मे. विसाला बोटीत बसलो नाही तर नोकरी गेली.

भटजींनी दोन मुहूर्त दिले होते, चौदा आणि अठरा. काकांनी सोयऱ्यांना आधीच अठराचा शब्द देऊन टाकला होता, त्यामुळे विचार करण्याचं काम त्यांच्यापुरतं संपलेलं होतं.

"झील अकराक येतलो, देवक सोळाक," दादाचं पत्र दाखवत काका म्हणाले. "बसला मा लगीन रजेत!"

मी यादी वाचली. देवक सोळा, हळद सतरा, लग्न अठरा, पाचपरतावण बावीस. पाचव्या दिवशी सख्ख्या भावाने सासरी येऊन बहिणीला माहेरी न्यायचं, ती पाचपरतावण. सगळ्या लग्नात मला हवी होती ती तेवढीच गोष्ट.

"काका, शेवट खंय बसलो? दादा विसाक जातलो."

"अगो, म्हस गोठ्यात शिरली की शेपूट भायर रवता काय?"

बाबा हसले. साठ वर्षांची दोन डोकी, आणि दोन तारखा ताडून बघण्याचा कंटाळा! एक काळ दुसऱ्यात मावतो का, हे पाहायला दोनच प्रश्न लागतात: सुरुवात आत आहे का, आणि शेवट आत आहे का. यांनी पहिला विचारला आणि पान लावलं.

"म्हशीची शेपूट म्हशीक चिकाटलेली आसता," मी म्हटलं. "दादाची रजा सायबाच्या हातात आसा. चौदाचो मुहूर्त घेवया. देवक बाराक, पाचपरतावण अठराक. दोनय टोकां आत."

"नवरीन आपलो मुहूर्त काढूचो? चार बुकां शिकलंस ती ह्याच्यासाठी?" काका उखडले.

"गो, गप रव," दाराआडून आई.

लग्न अठराला झालं. विसाला दादा बोटीत बसला. बाविसाला मी आरोंद्याला सासरच्या ओसरीवर पिशवी भरून बसले होते. आले काका, घामाघूम, हातात नारळ. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "भावाशिवाय पाचपरतावण नाय. तो येयत तेवा पाठवू."

काका नारळ ठेवून परत गेले. म्हशीची शेपूट बाहेरच राहिली.

पुढे गिरणीने दादाची रजा दर वर्षी गणपतीत घातली. चतुर्थीचे पाच दिवस, आणि तेच पाच दिवस मी सासरच्या चुलीपुढून हलू शकत नाही. माहेरी मी नंतर कितीदा तरी गेले, एकटी, एस.टी.ने, पण ती पाचपरतावण नव्हे. ती यादी अजून माझ्या ट्रंकेत आहे. देवक, हळद, लग्न, तिन्हींपुढे खूण आहे. चौथी ओळ कोरी.

दादाला परवाच पत्र टाकलं आहे: पुढची रजा कधीपासून ते लिहितोस, कधीपर्यंत तेही लिही.