कोळवणातला पाहुणा

आई लवकर गेली, म्हणून मला चांगुणाकाकीनं वाढवलं. कोळवणात तिचं भाताचं एक खाचर आहे. सात वर्षांचा असताना तिथंच तिनं मला रोप लावायला शिकवलं. दोन बोटं आणि अंगठा, बस्स. मुळं दुमडली की ती टपली मारायची.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "धम्मा, काकाला आता वाकवत न्हाई. तुझी सुट्टी बघून लावणी धरते."

"महिनाभर सुट्टी नाही गं, काकी," मी भूगावच्या फ्लॅटमध्ये लोळत सांगितलं.

सुट्टी होती. ऑफिसातल्या आम्ही चौघांनी जवळची, स्वस्तातली सहल ठरवली होती. कोळवणातलंच फार्महाउस, पिठलं-भाकरी आणि भातलावणीचा अनुभव. गाव एवढं मोठं, कोण बघतंय? अशी माझी अक्कल.

शनिवारी फार्महाउसचा मालक म्हणाला, "या मावशी शिकवतील." रोपांची जुडी घेऊन काकी उभी होती. मी टोपी खाली ओढली.

तेवढ्यात आमच्यातली पायल ओरडली, "धम्मपाल, तू इकडचाच ना? तुला येत असेल!"

"छे! मी कधी चिखलात उतरलोच नाही," मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं बोलायची काय गरज होती मला?

काकी सरळ माझ्यापाशी आली. तिनं माझी बोटं धरून रोपावर बसवली.

"असं धरायचं, पाहुणं," ती म्हणाली. "मुळं दुमडू देऊ नका."

टपली मात्र मारली नाही.