सुनंदा खोटं बोलली, मी गप्प बसलो

मित्रांनो, मन अस्वस्थ आहे म्हणून आपल्या ई-मेल ग्रुपवर लिहितोय.

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवतो. आज पळसदेवच्या सुनंदाला बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मुलाखतीला नेलं होतं. लोखंड कातायच्या लेथवर तिचा हात धरणारं वर्गात कुणी नाही.

तिथल्या साहेबांनी तिला कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर उभं केलं. ती नुसती बघत राहिली.

"सरांनी शिकवलं नाही का?"

"शिकवलं व्हतं. मीच इसरले."

दोन हजार साल तोंडावर आलंय, तरी आमच्या वर्कशॉपमध्ये तसं मशीन नाही. मीही ते आजच पाहिलं. तरी मी गप्प बसलो. तिची निवड झाली नाही.

परतताना एसटीत ती म्हणाली, "जाऊ द्या सर, तुमी तरी काय करणार?"

मला तिच्याकडं बघवेना.

तुमच्यापैकी कुणाला ते मशीन येत असेल, तर आधी मला शिकवाल का?