टेपमामांचा फुगणारा फ्रिज

गल्लीच्या टोकाला दुकान असलेल्या त्या शिंप्याला सगळे टेपमामा म्हणत. गळ्यात टेप नसलेले मामा कुणी पाहिलेच नव्हते. मामी तर सांगायच्या, लग्नाच्या फोटोतसुद्धा हाराखालून टेपचं टोक डोकावतंय. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर आणि मधे एक चिंचोळं दार. त्यावर मामांनी स्वतः शिवलेला पडदा. दारात दोघं समोरासमोर आले की एकाला माघार घ्यावी लागे, आणि ती नेहमी मामाच घेत.

कामात मामांचा एकच हट्ट. माप स्वतः घ्यायचं आणि दोनदा घ्यायचं, मगच कात्री. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "मागचंच माप धरा की," तर मामा चष्म्यावरून त्याच्या पोटाकडे बघत. "मी धरीन हो. पण शर्टात पोट धरेल का?"

एके दुपारी मामी फोन घेऊन दुकानात आल्या.

"अहो, आपल्याला फ्रिज लागला."

मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अक्षरं त्यांना धुक्यातून आल्यासारखी दिसत, पण मेसेजच्या चित्रातली फुलं आणि मधला चकचकीत फ्रिज त्यांनी बरोबर टिपला होता. घरातला जुना फ्रिज कण्हायचा आणि आतल्या भाज्यांपेक्षा स्वतःच जास्त घाम गाळायचा. बँकेत थोडी शिल्लक जमली होती. तिच्यातून फ्रिज घ्यायचा की डोळ्यांचं ऑपरेशन करायचं यावर घरात महिनाभर धुसफूस होऊन शेवटी डोळे जिंकले होते. आता दोन्ही होणार म्हणून मामींचा चेहरा उजळला होता.

मामांनी मेसेज वाचला. आधी अभिनंदन, मग पुन्हा अभिनंदन, मग त्यांच्या नंबराची सोडतीत निवड झाल्याची बातमी.

"आपण कसल्या सोडतीत भाग घेतला?"

"घेतला असेल. तुम्हाला काय आठवतं? परवा सुई शोधत होतात, ती तोंडात होती."

हे खरंच होतं, म्हणून मामा पुढे वाचू लागले. मेसेजमध्ये शेवटी लिहिलं होतं, फोनवर एक कोड येईल, तो ताबडतोब कळवा, नाहीतर बक्षीस दुसऱ्याला जाईल. तेवढ्यात कोड आलाही.

"पाठवा ना लवकर," मामी म्हणाल्या.

मामांचं बोट फोनवर टेकलंच होतं. इतक्यात त्यांची नजर दाराकडे गेली.

"अगं, पण हा आत जाईल का?"

शंका त्यांना माणसाची नव्हती, दाराची होती. त्यांनी उठून चौकट मोजली आणि एका बोटाने टाइप केलं, "रुंदी किती?"

"सर, आधी कोड पाठवा."

"दार सव्वादोन फूट आहे. रुंदी कळवा."

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "दोन फूट सर."

मामांना बरं वाटलं. "उंची?"

"चार फूट."

मामांनी चित्र पुन्हा पाहिलं. "शेजारची बाई फारच बुटकी आहे का?"

"कोणती बाई सर?"

"फ्रिजला टेकून उभी आहे ती. तिच्या डोक्यावरून फ्रिज वर गेलाय. बरं, दार कुठल्या बाजूला उघडतं? आमच्याकडे डावीकडे भिंत आहे."

"दोन्ही बाजूंना सर. वेळ संपतोय. कोड?"

"देतो की. रुंदी तेवढी पुन्हा एकदा सांगा."

"तीन फूट."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कापड धुतल्यावर आटतं हे माहीत आहे. हा फ्रिज न धुताच फुगतोय."

"चुकला असेल बिचारा," मामी म्हणाल्या.

"टेप लावून चुकला असता तर इंचभर चुकला असता. याच्यापुढे फ्रिजच नाहीये."

आता त्यांनी कोडचा मेसेज नीट उघडला. तो बँकेकडून आला होता. खात्यातून पैसे काढण्यासाठीचा कोड, आणि खाली बारीक अक्षरांत, कुणालाही सांगू नका. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

मामी स्टुलावर बसल्या. "म्हणजे डोळ्यांचे पैसे?"

"डोळ्यांचे."

मामींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "लिहा त्याला. म्हणावं, फ्रिज ट्रायलला घेऊन ये. दारातून गेला तर कोड देऊ."

मामांनी शब्दन् शब्द लिहिला. पलीकडून जे उत्तर आलं ते मामांनी वाचून दाखवलं नाही. त्याचा नंबर तेवढा ब्लॉक करून टाकला.

"काय म्हणाला?"

"नाही बसत म्हणाला."

पुढे मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, चष्मा आला. घरी आल्या आल्या त्या मधल्या दारापाशी थांबल्या आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"अहो, हा पडदा इतकी वर्षं असाच तिरका आहे?"

"दार तिरकं आहे," मामा म्हणाले.

"मोजा."

मामांनी गळ्यातली टेप काढून दार मोजलं. मामी बघत होत्या, म्हणून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा दार सरळच निघालं.