डोहाची राखण

राखण हा शब्द आमच्याकडे जपून वापरावा लागतो. शहरातल्या माणसाला वाटतं, राखण म्हणजे पहारा. आमच्या मुळशीत पहाऱ्यालाही राखण म्हणतात, पण आखाडात डोंगरावरच्या देवाला जो कोंबडा देतात, तीही राखणच. "यंदा राखण झाली का?" असं कुणी विचारलं तर तो चौकीदाराबद्दल विचारत नसतो, रश्श्याबद्दल विचारत असतो. हे एवढं त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या मिटिंगमध्ये कुणी बोललं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आमच्याकडे मिटिंगला लोक बोलायला जात नाहीत, चहाला जातात.

डोह म्हणजे आमच्या गावाखालचा, ओढा धरणाच्या पाण्याला मिळतो तिथला. माझा दादा त्यात जाळं टाकतो आणि वहिनी रस्त्याच्या कडेला बसून मासे विकते. शेती नाही. होती ती धरणाखाली गेली. मी लग्न होऊन सूसला आले, लिफ्ट असलेल्या सोसायटीत राहते, पण माझ्या माहेरची चूल त्या डोहावर पेटते हे मी विसरलेली नाही. डोहाचा नियम एकच. आखाडात खडस मासे अंडी घालायला ओढ्याच्या तोंडाशी येतात, तेव्हापासून गौरी उठेपर्यंत तिथं कुणी जाळं टाकायचं नाही. तेवढे दिवस वहिनी दुसऱ्याच्या भातलावणीला जाते आणि दादा घरात बसून सगळ्यांना सल्ले देतो.

हा नियम गावाला पाठ होता, पण शनिवार-रविवारी गाड्या घेऊन येणाऱ्यांना कोण सांगणार? महाळुंग्याच्या नव्या टॉवरांतून हौस म्हणून गळ टाकायला येणारे परवडले. ते बिचारे टोपी घालून दिवसभर बसतात, फोटो काढतात आणि जाताना वहिनीकडूनच मासे विकत घेऊन घरी स्वतःचे म्हणून दाखवतात. पण काही जण ओढ्यात ब्लिचिंग पावडर टाकायला लागले. पावडर पडली की लहानमोठा सगळा मासा पांढरा होऊन वर येतो. वहिनीनं एकदा अशा दोघांना शिव्या देत थेट डांबरी रस्त्यापर्यंत पळवलं.

"ह्यो डोह गेला तर मी कुटं जाऊ?" ती मला म्हणाली होती. "त्या रिसॉर्टात भांडी घासाया? मरंन, पर तितं जानार न्हाई."

रिसॉर्ट डोहाच्या वरच्या अंगाला आहे. तिथं 'मुळशी स्पेशल फिश थाळी' मिळते. त्यातला मासा शहरातल्या फ्रीजरमधून येतो आणि मुळशी फक्त मेनूकार्डावर असते. त्याचे मालक, ज्यांना सगळं गाव साहेब म्हणतं, मिटिंगला स्वतः आले आणि येताना बाटलीबंद पाण्याचे खोके घेऊन आले. सरपंचांनी ठराव मांडला, "डोहाची राखण करायची." सर्वानुमते पास झाला. टाळ्या वाजल्या. समिती बनली. अध्यक्ष साहेब, उपाध्यक्ष माझा दादा.

आता दादाबद्दल खरं ते सांगते. ग्रामपंचायतीत त्याला आजवर कुणी सतरंजीवरसुद्धा बसवून घेतलं नव्हतं. एकदम खुर्ची मिळाली आणि तो हवेत गेला. छातीवर बिल्ला लावून दूध आणायला जायचा. डोहाच्या काठी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर साहेबांच्या शेजारी दादाचा दाढी केलेला फोटो, आणि खाली लिहिलं होतं, 'जाळे टाकण्यास सक्त मनाई'.

वहिनीनं फ्लेक्स नीट वाचला. "पर हितं जाळं फकस्त तुमीच टाकताय की," ती म्हणाली.

"तुला समितीतलं काय कळतंय?" उपाध्यक्ष म्हणाले.

मग ज्यानं त्यानं आपापली राखण सुरू केली. साहेबांनी एजन्सीकडून निळ्या ड्रेसमधला, शिट्टीवाला गार्ड मागवला. सरपंचांनी आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी कोंबडे ठरवले. साहेबांना वाटलं, गाव आपल्यामागे आहे. गावाला वाटलं, साहेबांना देवाधर्माचं वेड आहे, माणूस चांगला आहे. कुणाचं काही चुकलं नव्हतं. राखणच करायची होती, ती दोघंही करत होते.

गार्ड कामावर आला त्याच शनिवारी देवाची राखण होती. अख्खं गाव डोंगरावर. मान उपाध्यक्षाचा, म्हणून कोंबडा दादाच्या हातून. मीही सूसहून गेले होते. खोटं कशाला बोलू, रस्सा झकास झाला होता.

दुपार कलल्यावर खाली उतरलो आणि डोहाशी आलो, तर काठाला बोटाएवढे मासे मरून पडलेले. सगळीकडे. मोठा एकही नाही. गार्डनं मला कडक सलाम ठोकला.

"मॅडम, कोई जाल लेके नहीं आया," तो अभिमानानं म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"दो आदमी आए थे टेम्पो लेके. बैटरी और तार था. बोले, बोर्ड की लाइट का काम है." मग जरा घाबरून म्हणाला, "बोर्ड पे जाल लिखा है मॅडम. बैटरी नहीं लिखा."

बॅटरी जड होती म्हणून यानं ती उचलायलाही मदत केली होती. पाण्यात करंट सोडून त्यांनी डोह रिकामा केला आणि टेम्पो भरून गेले. मला त्या गार्डच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटल्या. पण बोर्डावर खरंच बॅटरी लिहिलेलं नव्हतं. दादा वाकून ते बोटाएवढे मासे ओंजळीत गोळा करायला लागला. त्याच्या कपाळावर अजून गुलाल होता. एरवी गाव गोळा करणारी वहिनी त्या दिवशी खाली बसून एकेक मेला मासा मोडून बघत होती. मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टवर 'डोह वाचवा महोत्सव' होता. मी म्हटलं, जाऊ नका. दादा म्हणाला, "समितीचा कार्यकरम हाय, जावं लागतंय." दादा-वहिनीला शाल-नारळ मिळाला. साहेबांनी भाषणात त्यांना जलरक्षक म्हटलं. मग पंगत बसली. त्या दिवशी थाळीत फ्रीजरमधला मासा नव्हता. साहेब स्वतः वाढायला फिरत होते, ते वहिनीपाशी थांबले.

"आज खास लोकल आहे बरं का, ताई. गाभोळीसकट."

वहिनीनं तुकडा मोडला. कण्याशी काळं रक्त साकळलेलं होतं. करंटनं मेलेल्या माशाला असं होतं, हे तिनंच मला आदल्या दिवशी काठावरच्या माशांत दाखवलं होतं. शेजारी पिवळीधमक गाभोळी, न घातलेली अंडी.

"कुटनं आला ह्यो मासा?" तिनं विचारलं.

"आपला एक सप्लायर आहे. काल दुपारीच आला, एकदम ताजा."

वहिनीनं गाभोळी बोटानं ताटाच्या कडेला सारली. मग हळूच म्हणाली, "यायच्या सालचं समदं हितंच वाढलंय की ओ." साहेबांना वाटलं, तिला आवडलं. त्यांनी वेटरला हाक मारून तिला आणखी एक तुकडा वाढायला लावला.

मी मात्र उठले आणि भर मांडवात आवाज चढवला. हा सप्लायर कोण, टेम्पो कुणाचा, विचारलं. सोबत आलेला माझा नवरा माझी ओढणी ओढत होता. साहेबांनी शांतपणे सांगितलं की समिती चौकशी करील. समितीचे अध्यक्ष तेच. चौकशी अजून चालू आहे.

गौरी उठल्यावर दादानं जाळं टाकलं. शेवाळ आलं, चिप्सची पाकिटं आली. हिवाळा असाच गेला. मग वहिनी रिसॉर्टात भांडी घासायला लागली. "तू तर मरंन म्हणाली होतीस," मी फोनवर बोलून गेले. "मराया तरी सवड कुटं हाय?" ती म्हणाली. जुना गार्ड कुठल्याशा मॉलवर गेला आणि त्याचा निळा ड्रेस साहेबांनी दादाला दिला. लोकल माणसाला रोजगार, असं म्हणून त्याचाही फोटो काढला.

यंदाच्या आखाडात मी डोहावर गेले, तर माझ्यावरच शिट्टी वाजली. खांद्यात ढगळ ड्रेस घालून दादा खुर्चीवर बसला होता. फ्लेक्समध्ये सुधारणा झाली आहे, आता बॅटरीलाही सक्त मनाई आहे. त्यामुळं दादाला अंधार पडला तरी हातात टॉर्च धरता येत नाही.

"काय राखतोयस रे दादा?" मी चिडून म्हटलं. "उरलंय काय हितं?"

तो उठला. इकडंतिकडं बघून मला जांभळीच्या मुळांपाशी घेऊन गेला. उथळ पाण्यात वीतभर लांबीचे चार-पाच खडस प्रवाहाकडं तोंड करून उभे होते. दादा कितीतरी दिवसांनी हसला. मी फोन काढायला गेले तर त्यानं माझा हात दाबून धरला.

"फोटू नगं. तुज्या वहिनीला तेवढं सांगितलंय, बाकी कुटं बोलू नगं," तो म्हणाला. "समितीला कळलं तर परत राखण करत्याल."