कपाटाच्या दारावरची यादी

लिहायला वेळ कसा काढता, दिवसाची आखणी कशी करता, असं मला अजून कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोक्यात कलावंत म्हणजे लहरी माणूस, त्याच्या दिवसाला कसली आलीय शिस्त, असं असतं. मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेते. खरं सांगायचं तर दिवस आखायला मी इंदुरात शिकले, रामबागेतल्या भाड्याच्या तीन खोल्यांत, आणि ते शिकताना माझी भीतीने गाळण उडाली होती.

ती मध्यभारत राज्याची वर्षं. माझे सासरे चित्रकार. संस्थान होतं तोवर ते दरबारच्या चाकरीत होते. संस्थान विलीन झालं, चाकरी गेली, आणि ते घरीच लोकांची तैलचित्रं करू लागले. बहुतेक चित्रं गेलेल्या माणसांची आणि फोटोवरून केलेली. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे गोरी होती की सावळी, लुगडं कुठल्या रंगाचं, हे घरच्यांनी तोंडी सांगायचं आणि मामंजींनी फोटो नाकाशी धरून रंगवायचं.

मामंजी म्हणजे धिप्पाड देह, पांढऱ्या झुपकेदार मिशा आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. वाईहून लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या खोलीतला पाण्याचा तांब्या पुसला आणि उजवीकडचा डावीकडे ठेवला. त्यांनी चित्रावरची नजर न काढता उजवीकडे हात घातला, हात रिकामा फिरला, मग स्टूल हललं आणि तांब्या घरंगळत माझ्या पायाशी आला. "इथली चीज इथेच पाहिजे! बिलकुल इधर-उधर नाही!" ते असे गरजले की मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लहर आहे हो त्यांची. तू फक्त जागा सांभाळ."

मला त्या लहरींचा रागच यायचा. इतकी शिस्त तर माझ्या माहेरी पोलिसात असलेल्या काकांच्या घरीसुद्धा नव्हती. चित्राच्या खोलीत सासूबाईंचं एक लाकडी कपाट होतं आणि त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी शाईने सगळा दिवस लिहून ठेवला होता. साडेसहाला चहा. सातला फिरणं, लालबागेच्या रस्त्याने, त्याच झाडापर्यंत आणि परत. साडेआठ ते अकरा चित्र. अकराला ताक. एक ते तीन झोप. पाचनंतर भेटायला येणारे, तेही बाहेरच्या खोलीत. त्याखाली तांब्या कुठे, चिंध्या कुठे, चष्मा कुठे. सगळ्यात खाली एक यादी होती: मीठ, गूळ, तिखट, कोथिंबीर, हळद, काजळ, नीळ. किराण्याची यादी चित्रांच्या खोलीत कशाला, असं मला वाटलं होतं. पण काजळ आणि नीळ एका ओळीत लिहिणाऱ्या बाईला विचारणार कोण? पुढे वाण्याकडे जाताना मी त्या यादीवर एक नजर टाकायची आणि घरात नीळ आहे ना ते बघायची.

रोज सकाळी मामंजी चित्राला बसले की सासूबाई त्याच खोलीच्या उंबऱ्यात भाजी चिरायला बसत आणि तोंडाची टकळी चालू ठेवत. "आज लुगडं घेताय वाटतं? हिरवं ना? कोथिंबिरीसारखं होऊ द्या हं अगदी." मामंजी गुरकावत, "हो हो, तू तुझी भाजी बघ." मला वाटायचं, एवढा तापट माणूस हिची बडबड बरी चालवून घेतो! आणि रोज बसण्याआधी मामंजी एक प्रश्न विचारत, "आज आकाश कसं आहे?" खिडकी समोर उघडी असायची. मी मनात म्हणायची, चित्रकारांचं बोलणंच असं असणार.

माघात सासूबाई तापाने गेल्या. शेवटच्या दिवसांत मामंजी उशाशी बसलेले असायचे, हलायचे नाहीत. त्यांच्यादेखत सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, "दारावर सगळं लिहिलंय. तसंच चालव. आणि रंगांच्या डब्यातलं काही हलवू नकोस." मी हो म्हटलं. रडण्याच्या भरात माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी घरात आम्ही दोघंच होतो. आमचं सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं. फायलींच्या पेट्या गाडीत घालून सगळं सचिवालय हलायचं. माझे यजमान तिथे कारकून, ते पेट्यांबरोबर पुढे गेले होते. तुकोगंजात राहणारे त्यांचे एक साहेब मात्र अजून इथेच होते. त्यांची बायको उन्हाळ्यात वारली होती आणि तिचं चित्र मामंजी करत होते. साहेब बाहेरच्या खोलीत बसून म्हणाले होते, "बाकी सगळं तुमच्यावर सोडतो. ती सवाष्ण गेली, चुडा हिरवा दिसला पाहिजे. एवढं एकच मागणं आहे." द्वादशीला संध्याकाळी पाचला ते चित्र बघायला येणार होते, दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला निघणार होते. चेहरा, लुगडं, सगळं झालं होतं. हातातला चुडा तेवढा राहिला होता.

खंडेनवमी आली. ज्याचं जे हत्यार ते घासूनपुसून पुजायचा दिवस. आदल्या वर्षी सासूबाईंनी दार लावून घेऊन सगळं एकटीने केलं होतं. या वर्षी मला वाटलं, मामंजी बघत राहतील असं करू. ब्रश साबणाने धुतले. रंगांचा पत्र्याचा डबा बाहेर आणून राखेने घासला. सात खणांत सात नळ्या होत्या, वरची अक्षरं कधीच पुसून गेलेली. त्या रॉकेलच्या बोळ्याने पुसल्या आणि रांगोळीच्या डब्यात मी रंग लावायची तशा ओळीने लावल्या: पांढरी, पिवळी, तांबडी, निळी, हिरवी, तपकिरी, काळी. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मामंजींनी डब्यावर हात फिरवला, नमस्कार केला आणि म्हणाले, "भई वा, सूनबाई! एकदम चकाचक करून टाकलंस!" त्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी दिवसभर हवेत होते.

एकादशीला ते चित्राला बसले. अकराला मी ताक घेऊन गेले आणि दारातच थांबले. साहेबांची बायको माझ्याकडे बघत होती, आत्ता काहीतरी बोलेल अशी. पण तिच्या दोन्ही मनगटांत निळ्या बांगड्या होत्या. गडद निळ्या. मला वाटलं, असेल काही चित्रकाराच्या मनात, आपण कोण विचारणार. तेवढ्यात मामंजी मागे रेलले आणि चिंधीला हात पुसत म्हणाले, "बघ, सूनबाई, चुडा कसा हिरवागार उतरलाय! साहेब खुश होऊन जातील."

मी ताक खाली ठेवलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, थट्टा नव्हती. मग एकेक आठवत गेलं. हवेत फिरलेला हात. फोटो नाकाशी धरून बघणं. त्याच झाडापर्यंतचं फिरणं. आकाश कसं आहे म्हणून रोज विचारणं. मामंजींना रंग दिसत नव्हते. ते खण मोजून रंगवत होते, आणि खण मी बदलले होते. "हो," मी म्हटलं. ते खोटं मी निव्वळ घाबरून बोलले.

एकला ते झोपले. मी डब्यापुढे बसले. आधी कुठली नळी कुठे होती, काही केल्या आठवेना. तीनपर्यंतचा वेळ आहे ना, हे बघायला मी कपाट उघडलं, आणि नजर खालच्या यादीवर गेली. मीठ, गूळ, तिखट, कोथिंबीर, हळद, काजळ, नीळ. सात. मीठ पांढरं. गूळ तपकिरी. चौथी कोथिंबीर, आणि त्याच चौथ्या खणात मी निळी ठेवली होती. उशाशी नवरा बसलेला असताना सासूबाईंना जे बोलता आलं नाही ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. ती यादी माझ्यासाठी होती आणि मी आठ महिने ती बघून वाण्याकडे जात होते.

नळ्या जागेवर लावल्या. पण चित्राचं काय? आपणच हिरवं लावून टाकावं म्हणून मी ब्रश उचललासुद्धा. पण शाळेत मला कमळसुद्धा धड काढता आलं नव्हतं, म्हणून मुकाट्याने खाली ठेवला. गप्प बसावं, तर उद्या साहेब निळा चुडा बघणार आणि परवा सगळ्या सचिवालयात चर्चा होणार. त्यानंतर मामंजींना चित्र कोण देणार? आणि सांगावं, तर ते स्वतःच ब्रश खाली ठेवतील, कायमचा. चित्राशिवाय ते दिवसभर काय करतील, हे मला डोळ्यांपुढे आणवेना. ते ओरडतील याची भीती होतीच. पण त्यांचं सगळं माझ्या हातून संपतंय, ही भीती त्याहून मोठी होती.

तीनला ते उठले. मी चहा दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"मामंजी, नवमीला मी डबा घासला ना, तेव्हा नळ्या बाहेर काढल्या होत्या. परत लावताना क्रम चुकला."

त्यांनी कप बशीच्या कडेवर टेकवला. चहा धोतरावर सांडला, तो त्यांनी पुसला नाही.

"म्हणजे आज…"

"चुडा निळा झालाय."

मी डोळे मिटून घेतले. आवाज आलाच नाही. डोळे उघडले तर ते तसेच बसलेले, मोठे हात मांडीवर उपडे टाकून.

"कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"बोलू नको. तुझ्या सासूला पण मी कळू दिलं नाही. पाच वर्षं, सूनबाई! तिला पता लागला असता तर धरून दवाखान्यात नेलं असतं मला. तिकडे बेटमा गावी थोरल्या भावाचा मोतीबिंदू काढला, तर डोळाच गेला त्याचा. मग भिंतीकडे तोंड करून बसायचा, सुबह से शाम. मला अजून आकार दिसतात. रंग सगळे चहात बुडवल्यासारखे. मला डर लागतो गं."

एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासारखीच भीती वाटते, हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट जास्तच भीती वाटली. आजवर घरात घाबरणारी मी एकटी होते, निदान कोणीतरी न घाबरणारं होतं. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं हे माझ्या ओठांवर आलं, पण तेही त्यांना सोसेल की नाही कळेना, म्हणून गिळलं.

द्वादशीला साडेआठ वाजले. मामंजी खोलीत जातील असं मला वाटलं नव्हतं, पण ते गेले आणि स्टुलावर बसून राहिले. ब्रशला हात लावला नाही. मी काहीही न ठरवता गवारीच्या शेंगा घेतल्या आणि उंबऱ्यात जाऊन बसले. मग, सवयीने असेल, त्यांनी विचारलं, "आज आकाश कसं आहे?"

सासूबाई गेल्यापासून रोज मी "छान आहे" म्हणून मोकळी व्हायची. त्या दिवशी मान वर करून नीट बघितलं. "मिठात चिमूटभर नीळ टाकल्यासारखं आहे," मी म्हटलं. "राजवाड्याच्या अंगाला जरा हळद सांडलीय."

त्यांची मान गर्रकन वळली. "असं ती बोलायची. तू कुठून शिकलीस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी उठून कपाट उघडलं. "इथे लिहिलंय. तुमच्या नळ्यांचा क्रम आहे, आईंच्या अक्षरात."

"वाच."

मी वाचत गेले, आणि त्यांचं बोट डब्यातल्या एकेका नळीवरून पुढे सरकत गेलं. मीठ. गूळ. तिखट. कोथिंबीर. हळद. काजळ. नीळ. शेवटच्या नळीवर बोट थांबलं.

"परत वाच," ते म्हणाले.

परत वाचलं. "रोज तिथे बसून भाजी चिरायची," ते म्हणाले. "मी समजायचो, हिला बडबडीशिवाय चैन पडत नाही. आणि मी बेवकूफ तिच्यापासून लपवत होतो." मग ते रडले, आवाज न करता, माझ्यादेखत. मी शेंगा मोडत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ओली निळाई एकेका बांगडीवरून पुसून काढली. मी उंबऱ्यातून सांगत होते, अजून जरा, डाव्या हाताची राहिली, हं, निघाली.

"कोथिंबीर कितवी?" त्यांनी विचारलं. त्यांना ते माझ्याहून पक्कं माहीत होतं.

"चौथी," मी म्हटलं.

पाचला साहेब आले. चित्रापुढे ते टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि बोट न लावता चित्रातल्या बांगड्या मोजल्या. मी दाराआड उभी होते. "अशाच होत्या," ते म्हणाले. रंग वाळल्यावर ग्वाल्हेरला पाठवून द्या म्हणाले आणि घाईघाईने जिना उतरून गेले.

दिवे लावायची वेळ झाली, तशी मी कपाटाचं दार लावायला गेले. मामंजींनी हात आडवा घातला. मग चाचपत पुढे येऊन त्यांनी दारावरच्या शाईवर तळवा टेकवला, ज्यातलं एक अक्षर त्यांना दिसत नव्हतं.

"आजपासून हे उघडंच ठेवत जा," ते म्हणाले.