लाटण्याची सभा

“ही बोलते का हो?” समीरकाकांनी हळूच विचारलं. मी दोन पावलांवर उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

“बोलेल की. घाई कुणाला आहे?” शरयूमावशी म्हणाल्या आणि पोह्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं.

ही आमची पहिली भेट. सिंगापूरच्या मरीन परेड भागात, एका कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅट-सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये मावशी दर शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बुकित पंजांगहून यायचे, नावाला मदतनीस म्हणून. खरं तर मलाच देवनागरी धड वाचता येत नव्हती. घरी मराठी, बाहेर इंग्रजी, आणि चार माणसांत दोन्ही बंद. आता मावशी नाशिकला बहिणीकडे राहतात, पण शनिवार उजाडला की अजून मला पोह्यांचा वास येतो.

तरुणपणी मावशींनी इंग्लंडमधल्या एका प्रेप स्कूलमध्ये शिकवलं होतं. तिथल्या बहुतेक प्रेप स्कूल्स म्हणजे तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोठ्या शाळांच्या प्रवेशपरीक्षेसाठी घासूनपुसून तयार करणाऱ्या शाळा. मावशींची शाळा निराळी. “पहिल्या महायुद्धानंतर काही जणांना वाटलं, हुकूम पाळणारी मुलं पुष्कळ झाली, आता प्रश्न विचारणारी हवीत. त्यातून अशा शाळा निघाल्या,” त्या सांगत. त्यांच्या शाळेत छडी नव्हती, मुलं शिक्षकांना नावाने हाक मारत आणि सभेत लहानग्याचं मतही हेडमास्तरांच्या मताइतकंच मोजलं जाई. “एकदा पोरांनी ठराव केला, शरयूने भूगोल बाहेर शिकवावा. ऐन जानेवारीत. दोन स्वेटर चढवले आणि ओढ्याकाठी नाईल नदी शिकवली.”

तीच सभा त्यांनी इथे आणली होती, मुलं आणि पालक मिळून. ज्याच्या हातात लाटणं, त्याने बोलायचं. मत दिलं की कारणही द्यायचं. जहाजांची इंजिनं सांभाळणारे समीरकाकासुद्धा लाटणं येईपर्यंत गप्प बसत. माझ्याकडे आलं की मी ते मुकाट्याने पुढे सरकवायचे.

एका शनिवारी समीरकाकांनी लाटणं उचललं. “मावशी, सहावीच्या पीएसएलई परीक्षेला मराठी विषय नाही. निदान आपण टेस्ट घेऊ, मार्क देऊ. नाहीतर पोरं कशाला येतील?”

“टाका मताला,” मावशी म्हणाल्या. “पण टेस्ट ठरली तर वर्ग दुसऱ्या कुणीतरी घ्या. मला मार्क देता येत नाहीत.” हसतच म्हणाल्या, पण दाराशी जाऊन चपला घालून बसल्या.

मला वाटलं, मुलं तरी नाही म्हणतील. समीरकाकांच्या मुलाने, ईशानने लाटणं घेतलं आणि इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सुरू झाला. “टेस्ट ऑल्सो कॅन, लाह. नो टेस्ट, हाऊ आय नो आय क्लेव्हर?”

मावशींना हसू आवरेना. “कारण चोख आहे. धरा त्याचं मत.”

मोजणी झाली तर दोन्हीकडे सारखी मतं. राहिले मी.

“हिचं राहू द्या,” समीरकाका म्हणाले.

“का बरं? घाई कुणाला आहे?” मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

लाटण्याला कणीक चिकटलेली होती. मी ती नखाने काढत बसले. मग मी म्हणाले,

“टेस्ट नको. टेस्ट असती तर पहिल्याच शनिवारी मी नापास होऊन घरी गेले असते, परत आलेच नसते. ईशान, तू हुशार आहेस, हे मी आत्ताच सांगते. आणि मावशी, तुम्ही त्या चपला काढा.”